त्रिएस्ते आणि गोरित्सिया : दोस्त राष्ट्रांच्या भांडणातली सीमा पायी पाहताना

पासपोर्ट बॅगेत नको, खिशातच ठेवा. इटली आणि स्लोव्हेनिया दोन्ही शेंगेनमध्ये, म्हणजे तपासणीविना सीमा ओलांडता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटात असले, तरी ऑक्टोबर २०२३ मध्ये इटलीने या सीमेवर पुन्हा तपासणी सुरू केली. ल्युब्ल्यानाहून येताना आमची बस थांबवून प्रत्येकाचे कागद पाहिले.

आम्ही सुरुवात इटलीच्या त्रिएस्ते या बंदरातल्या सान जुस्तो किल्ल्यापासून केली. तुम्हीही तिथूनच करा, कारण हे शहर कोणाचं, या भांडणाची सुरुवात तिथे नजरेच्या टप्प्यात येते. १ मे १९४५ ला कम्युनिस्ट नेता टिटोचं युगोस्लाव्ह सैन्य शहरात शिरलं (स्लोव्हेनिया तेव्हा युगोस्लाव्हियाचा भाग होता). दुसऱ्या दिवशी जनरल फ्रायबर्गची न्यूझीलंड डिव्हिजन पोहोचली. किल्ल्यातले जर्मन युगोस्लाव्हांपुढे शस्त्रं टाकायला तयार नव्हते, ते न्यूझीलंडरांना शरण गेले. ही डिव्हिजन तीन आठवड्यांपूर्वी, ९ एप्रिलला, सेनिओ नदीवर लढत होती. त्याच हल्ल्यात, त्याच नदीवर मराठा लाइट इन्फंट्रीच्या नामदेव जाधव यांनी व्हिक्टोरिया क्रॉस मिळवला. मला हे ठाऊक होतं, पण तटावर उभं राहून समुद्राकडे बघताना ते वेगळंच जाणवलं.

एका शहरात दोन मित्रसैन्यं, आणि कोणीच हलायला तयार नाही. शेवटी ९ जूनला बेलग्रेडमध्ये करार झाला आणि १२ जूनला युगोस्लाव्ह मॉर्गन रेषेमागे, म्हणजे दोन सैन्यांमध्ये ठरलेल्या तात्पुरत्या सीमारेषेमागे गेले. इथले लोक त्या काळाला आजही नुसतं 'चाळीस दिवस' म्हणतात. १९४७ च्या इटलीबरोबरच्या शांतता तहाने त्रिएस्ते 'स्वतंत्र प्रदेश' ठरला. त्याला गव्हर्नर नेमायचा होता सुरक्षा परिषदेने, पण एकाही नावावर एकमत झालं नाही. सात वर्षं 'अ' विभागात ब्रिटिश-अमेरिकन आणि 'ब' विभागात युगोस्लाव्ह अंमल राहिला. ५ ऑक्टोबर १९५४ च्या लंडन करारानंतर शहर इटलीकडे आलं. सीमेवरची शेवटची सही इटलीतल्या ओसिमोला झाली, ती थेट १९७५ मध्ये.

दुसरा दिवस पूर्ण राखून ठेवा, आणि रिसिएरा दी सान साब्बा व बासोवित्सा एकाच दिवशी पाहा. रिसिएरा म्हणजे भात सडण्याची गिरणी. नाझींनी तिथे छळछावणी आणि दाहभट्टी उभारली. बासोवित्साला खाणीची विहीर आहे. मे १९४५ मध्ये युगोस्लाव्हांनी मारलेल्या लोकांचं ते स्मारक. जवळच, १९३० मध्ये फॅसिस्टांनी गोळ्या घातलेल्या चार स्लोव्हेन तरुणांचंही स्मारक आहे. जुलै २०२० मध्ये दोन्ही देशांचे राष्ट्राध्यक्ष इथे हातात हात घेऊन उभे राहिले. यातलं एकच ठिकाण पाहून परतू नका, अशी माझी कळकळीची विनंती आहे. वर पठारावर बोरा हा इथला सोसाट्याचा वारा सुटला तर उभं राहवत नाही, म्हणून उन्हाळा सोडून कधीही गेलात तर कान झाकणारी टोपी हवीच.

'अ' विभागाच्या त्या काळात मिरामारे किल्ल्यात अमेरिकन सैन्याचं मुख्यालय होतं. सहा नंबरची बस त्या बाजूला जाते. बाग सुंदर आहे, अर्धा दिवस पुरे. आणि कॉफी मागताना इथे 'नेरो' म्हणजे एस्प्रेसो, 'कापो' म्हणजे थोडं दूध घातलेली.

तिसऱ्या दिवशी ट्रेनने गोरित्सिया, याच सीमेवरचं दुसरं शहर. १९४७ च्या रेषेने शहर इटलीला दिलं आणि त्याचं एक रेल्वे स्टेशन युगोस्लाव्हियाला. स्टेशनसमोरच्या चौकातून कुंपण गेलं. पलीकडे मग नोव्हा गोरित्सा हे नवं शहरच वसवलं गेलं. कुंपण २००४ मध्ये काढलं, आता जमिनीत एक गोल मोझेक आहे. स्टेशनातलं सीमेचं छोटं संग्रहालय चुकवू नका. शक्य असेल तर सायकल भाड्याने घेऊन मिरेनच्या स्मशानभूमीपर्यंत जा. १९७५ पर्यंत सीमा त्या स्मशानभूमीच्या मधून, थडग्यांमधून जात होती. तिथे मी बराच वेळ बसलो. एक आजी आल्या, फुलं ठेवली आणि रेषा जिथून जायची तिथून सरळ चालत पलीकडच्या थडग्याकडे गेल्या.