पायातून पाणी पिणारे मावळे

२०२५च्या नवरात्रात आमच्या चिरंजीवांनी जाहीर केलं, यंदाचा दिवाळीचा किल्ला राजगड. जुलैत आपले किल्ले युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेले होते. एकूण बारा, त्यातला एक जिंजी तमिळनाडूत आणि बाकीचे अकरा महाराष्ट्रातले. सोसायटीतल्या पोरांनी लगेच ते आपापसात वाटून घेतले. सिंधुदुर्ग ज्या घरी गेला त्या घरच्या आईबद्दल मी फक्त सहानुभूती व्यक्त करते. पार्किंगमधला अरबी समुद्र तीनदा फुटला.

आमचा राजगड त्या मानाने सोपा. विटा, दगड, वर जुनी पोती आणि त्यावर चिखल. तीन माच्या, मधे बालेकिल्ला, सुवेळा माचीवरच्या नेढ्यासाठी, म्हणजे कातळातल्या आरपार भोकासाठी, पाइपचा एक तुकडा. गाडं अडलं ते माणसांवर.

"गड बांधला जातोय असं दाखवायचंय," तो म्हणाला. "दगड फोडणारे, पाट्या वाहणारे. सगळे नुसते तलवारी घेऊन उभे राहिले, तर गड बांधला कुणी?"

मुद्दा बिनतोड होता. कुंभारवेशीत जाऊन किल्ल्यावरची मातीची चित्रं पाहून आलो. भालदार, तुतारीवाला, गवळण, विहिरीवर पाणी शेंदणारी बाई, गुहेतला वाघ, सगळं होतं. छिन्नी-हातोडा घेतलेला पाथरवट मात्र कुठेच नाही. असणार तरी कसा? ही चित्रं साच्यातून निघतात, पुढचा अर्धा भाग आणि मागचा अर्धा भाग दाबून जोडलेला. नीट पाहिलं तर दोन्ही कुशींना जोडाची रेघ दिसते. ज्याला गिऱ्हाईक त्याचाच साचा. सिंहासनावरचे महाराज आम्ही तिथूनच घेतले. महाराजांचा चेहरा आपल्या हाताने करायचं धाडस मी आजही करणार नाही. बाकीची चौदा माणसं घरी करायची ठरली.

स्टेशनरीच्या दुकानात "हवेत वाळणारी क्ले" मागितली तर दुकानदाराने दोन प्रकार पुढे टाकले. एक पोरांची रंगीत, फुगीर, कापसासारखी हलकी. ती पडली तरी फुटत नाही, पण नाक केलं की पाच मिनिटांत नाकाचं भजं होतं. दुसरी पांढरी, जड, ओल्या कणकेसारखी, अर्ध्या किलोच्या पुड्यात. तिच्यात कागदाचा लगदा आणि चिकट द्रव्य असतं, म्हणून भट्टीशिवाय टणक होते. मी ती घेतली.

घरी सासूबाईंनी चिमूटभर घेऊन बोटांत चोळली. "ही तर शाडूच की."

शाडू नव्हे, पण नातं आहे. शाडूही भाजत नाहीत, नुसती वाळवतात, आणि ती पाण्यात विरघळते हाच विसर्जनात तिचा गुण. बारीक कामाला मात्र ती ठिसूळ. गणपतीचे कारागीर म्हणूनच तिच्यात कापूस मळतात. बोटभर जाडीचा हात, त्यात हातोडा, हे नुसत्या शाडूत टिकलं नसतं. सासूबाई मूळच्या सांगलीकडच्या, वाळवा तालुक्यातल्या. लहानपणी बेंदराला, म्हणजे तिकडच्या बैलपोळ्याला, काळ्या मातीचे बैल त्या स्वतः करायच्या, त्यामुळे मातीच्या बाबतीत त्यांचं मत आधी येतं आणि बहुतेक वेळा बरोबर येतं. मी ते उशिरा मान्य करते, ही वेगळी गोष्ट.

पहिली तुकडी एका रविवारी केली. सहा माणसं. हार्डवेअरच्या दुकानातून बाइंडिंग वायर आणली, बांधकामावर सळया बांधतात ती. तिचे सांगाडे वळले आणि त्यावर क्ले थापली. बारा सेंटिमीटरची माणसं, पागोटी, गुडघ्यापर्यंतचे चोळणे, कमरेला शेला. मिश्यांसाठी तांदळाएवढी वळी करून ती मधोमध टूथपिकने दाबायची, दोन्ही टोकं आपोआप वर येतात. हे मुलाने शोधून काढलं आणि मग सगळ्यांनाच मिश्या मिळाल्या. पाटी वाहणारी बाई थोडक्यात वाचली.

चटका देणारी उन्हं पाहून मला वाटलं, झालंच काम. सहाही जण थाळीत घालून बाल्कनीत ठेवले. संध्याकाळी पाहते तर पाथरवटाच्या छातीपासून बेंबीपर्यंत उभी भेग, आत तार दिसतेय. दोघांचे खांदे उकललेले. एकाचं डोकं मानेभोवती गोल तडकून झाकणासारखं सैल झालेलं. आणि थाळीला चिकटलेली पाठ अजून लोण्यासारखी मऊ.

सासूबाई थाळीपाशी येऊन उभ्या राहिल्या. "उडदाचे पापड तू उन्हात टाकतेस का गं?"

"सावलीत."

"मग?"

मग काही नाही. उन्हाने वरची साल तासाभरात वाळून आकसली, आतला गर ओलाच. साल गराला आवळत गेली आणि जिथे जागा मिळाली तिथे फाटली. त्यात आत तार. क्ले वाळताना आटते, तार आटत नाही. तारेवर क्लेचा पातळ थर असेल तर तो फाटण्यावाचून दुसरं काय करणार? शिवाय ती लोखंडी तार ओल्या मातीत दोन दिवसांत गंजली आणि पांढऱ्या अंगावर पिवळट डाग उमटले. सहा जण गेले.

दुसऱ्या तुकडीला दसऱ्याच्या दिवशी सुरुवात केली, आणि या वेळी जरा डोकं वापरून. तार ॲल्युमिनियमची, न गंजणारी. तारेला आधी पातळ फेविकॉलचा हात, म्हणजे क्ले घसरत नाही. पोट आणि मांड्या भरायला चांदीच्या कागदाचे गोळे, कारण आत भरीव क्ले असेल तर ती पाच दिवसांतही वाळत नाही. आणि वरचा थर सगळीकडे सारखा, साधारण पुरणपोळीच्या कडेच्या दुप्पट. सारखा हा शब्द इथे महत्त्वाचा. जाड थराला पातळ थर जिथे भेटतो तिथेच भेग जाते. सासूबाईंनी मळतानाच तिच्यात टिश्यू पेपर भिजवून, पिळून, कुस्करून घातला. कापसाऐवजी हा, असं त्यांचं म्हणणं. क्ले थोडी खरखरीत झाली पण वळताना तुटेना.

हात खांद्याला नुसता चिकटवायचा नाही, हेही तेव्हाच कळलं. दोन्ही बाजूंना सुरीच्या टोकाने जाळीसारख्या चिरा पाडायच्या, पाण्यात कालवलेली क्ले दह्यासारखी लावायची, मग दाबायचं आणि जोडावरून बोट फिरवायचं. चिरा न पाडता लावलेला हात वाळल्यावर अलगद हातात येतो.

वाळवण फ्रिजच्या बाजूच्या कपाटावर. पंखा नाही, ऊन नाही. पहिल्या रात्री वरून ओलसर पंचा, म्हणजे सालीला घाई होत नाही. पिठाची चाळण पालथी घालून तिच्यावर माणसं आडवी ठेवली, खालूनही हवा लागावी म्हणून, आणि दिवसातून दोनदा कूस बदलायची. चाळणीचं नक्षीकाम सगळ्यांच्या पाठीवर उमटलं, पण ते शेल्याखाली गेलं. (चाळण स्वयंपाकघरात परत गेली नाही. नवी आणावी लागली.)

वाळली की नाही हे ओळखायला मी गालाला लावून पाहायचे. आत ओल असेल तर गार लागते. मुलाचा यावर विश्वास नव्हता, त्याने स्वयंपाकाचा वजनकाटा घेतला. पाथरवट पहिल्या दिवशी ९२ ग्रॅम. तिसऱ्या दिवशी ७४, चौथ्या दिवशी ७०, पाचव्याही दिवशी ७०. म्हणजे झालं. उंचीही बारा सेंटिमीटरवरून सव्वाअकरावर आली होती. ही घट आधी ठाऊक असती तर दरवाजा थोडा बुटका केला असता.

दोन-तीन बारीक भेगा तरीही आल्याच. त्यांचं दुखणं सोपं असतं. भेगेत ब्रशने पाणी सोडायचं, क्ले आणि थेंबभर फेविकॉल यांची पेस्ट दाबून भरायची, वाळली की पॉलिश पेपर मारायचा. कोरड्या भेगेत ओली पेस्ट भरली तर ती भेग उद्या आहे तिथेच दिसते, जरा रुंद होऊन.

रंग ॲक्रिलिकचे. घरात पोस्टर कलर पडून होते म्हणून एकाला ते लावले, आणि वर व्हार्निशचा ब्रश फिरताच लाल पागोट्याचा रंग कपाळावर आला. डोळे शेवटी. मूर्तीच्या कारखान्यात डोळ्यांची आखणी वेगळ्या सराईत माणसाकडे का देतात, ते मला तिसऱ्या मावळ्याच्या डोळ्यांशी समजलं. माझा हात थरथरतो, त्यामुळे आमचे दोन गवंडी कायमचे चकित आहेत. शेवटी पांढरा डोळा करायचाच नाही, टूथपिकच्या टोकाने नुसता काळा ठिपका आणि वर भुवई, असं केलं. बारा हातांवरून तेच जास्त जिवंत दिसतं. धाकटीने गुहेसाठी वाघ केला. त्याला सगळे माऊ म्हणतात.

सगळ्यांना व्हार्निश मारून, दोन दिवस वाळवून, किल्ल्यावर उभे केले. त्याच दिवशी उतारावर हळीव पेरला होता. हळीव म्हणजे सकाळ-संध्याकाळ पाणी. धाकटी फवाऱ्याने प्रामाणिकपणे पाणी घालायची, माणसांवर एक थेंब पडू न देता.

तिसऱ्या दिवशी सकाळी पाट्या वाहणारी बाई गुडघ्यात वाकलेली दिसली. मला वाटलं, कुणाचा धक्का लागला. उचलायला गेले तर बाई हातात आली आणि घोटे चिखलात राहिले. शेजारचा गवंडी उचलला, त्याचीही तीच गत. वरून सगळे चकचकीत, कोरडे, मिश्यांसकट ठणठणीत. पाय मात्र भिजवलेल्या पावासारखे.

मुलाने एकाला उलटा केला आणि म्हणाला, "आई, तळवे रंगवलेच नाहीत."

ब्रश मारताना माणसं उभी होती, तळवे कागदाला टेकलेले. तळव्यांना ना रंग, ना व्हार्निश. ही क्ले वाळून कितीही टणक झाली तरी पाण्यापुढे कच्चीच. भाजलेली पणती भिजली तरी पणतीच राहते, हिची पुन्हा क्ले होते. ओल्या चिखलात उभी केलेली माणसं तीन दिवस पायांनी पाणी पीत होती, आणि वरच्या व्हार्निशमुळे ते पाणी बाहेर जायलाही वाट नव्हती. मी दोष धाकटीला देणार होते, तो गिळला.

वसुबारस दोन दिवसांवर. घरात चकलीची भाजणी पडलेली, ऑफिसला सुट्टी नाही. पाच जणांचे पाय कापून टाकावे लागले. त्यांच्या गुडघ्यातून तार बाहेर काढली, नवीन पाय त्या तारेवर केले, चिरा, दही, दाबणं, सगळं परत. तीन माणसं इतकी भिजली होती की ती नव्यानेच केली. रात्री साडेअकराला मी मिश्या वळत होते आणि नवरा शेजारी बसून विचारत होता, "विकतच आणले असते तर?" त्याला दोन पाट्या वळायला दिल्या. चांगल्या वळल्या त्याने. गप्पही बसला.

या वेळी प्रत्येकाच्या तळपायातून बोटभर तार खाली ठेवली. तळव्यांना आधी दोन हात व्हार्निश, माणूस आडवा ठेवून. मग जुन्या फरशीचे तुकडे गोणीतून काढले, तपकिरी रंगवले आणि प्रत्येकाला त्यावर उभं केलं. तार तुकड्याच्या कडेवरून खाली वळवून चिखलात खुपसली. फरशी चिखलावर, माणूस फरशीवर. लांबून दगडावर उभा राहून काम करतोय असंच वाटतं, आणि पाथरवट दगडावर नाही तर कशावर उभा राहणार?

पहिल्या आंघोळीच्या दिवशी दुपारी शेवटचा हात वाळला. लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी पणत्या लावल्या तेव्हा संजीवनी माचीच्या तटावर चौदाही जण कामाला लागलेले होते. हळीव बोटभर वाढून दोघे गवंडी कमरेपर्यंत हिरवळीत बुडाले. तेही रोज कापावं लागलं, नखं कापायच्या कात्रीने. किल्ला बघायला आलेल्या एका काकांनी विचारलं, "तलवारवाला एकही नाही?" मुलगा म्हणाला, "ते लढाईला गेलेत."

तुळशीचं लग्न झाल्यावर किल्ला मोडला. चौदातले अकरा धड निघाले. एकाचा हातोडा गेला, दोघांच्या टाचांना अजून ओल होती, ते चाळणीवर आडवे पडलेत. बाकीचे अंड्यांच्या ट्रेमध्ये कापूस घालून माळ्यावर.

पुड्यात मूठभर क्ले उरली होती. ओल्या फडक्यात गुंडाळून घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवली म्हणून मऊ राहिली. परवा दुपारी घरात कुणी नसताना सासूबाईंनी तिचे दोन बैल केले. वशिंड, गळ्याची पोळी, वळलेली शिंगं, सगळं नुसत्या अंगठ्याने, तार नाही की कागद नाही. मी आले तेव्हा ते कपाटावर पंच्याखाली होते. उचलून पाहताना माझ्या हातून एकाचं शिंग निघालं.

"ठेव खाली," त्या म्हणाल्या. "बेंदराला अजून सात-आठ महिने आहेत."