टेबलात नसलेली रो

तक्रार साधी होती: ग्राहकाने पत्ता बदलून दोन महिने झाले, तरी पार्सल जुन्याच घरी गेलं. आमच्या स्क्रीनवर नवा पत्ता दिसत होता. पाठवणीच्या यादीत मात्र जुना, आणि त्याच्या शेजारी तारीख नव्या पत्त्याची! अशी रो, म्हणजे ओळ, डेटाबेसच्या टेबलात कुठेच नव्हती. ग्राहकाच्या दोन रो होत्या; यादीने एकीची तारीख उचलली, दुसरीचा पत्ता.

यादी बनवणारी क्वेरी, म्हणजे डेटाबेसला दिलेली मागणी, काढली. ग्राहकावर ग्रुप बाय (एकेका ग्राहकाच्या रोंचा एक गट), तारखेवर मॅक्स, पत्ता नुसताच लिहिलेला. मॅक्सने सर्वात अलीकडची तारीख मिळते, ती तारीख असलेली रो नाही. बाकीच्या कॉलमांत मायएसक्यूएल, म्हणजे आमचा डेटाबेस, गटातल्या कुठल्याही रोचं मूल्य देतं. खरं तर त्याच्या 5.7 आवृत्तीत असल्या क्वेरीला मुळातच एरर येतो. मग आम्हाला का नाही? सेटिंगच्या फाइलचा इतिहास उघडला. अपग्रेडच्या रात्री रिपोर्ट धडाधड पडले म्हणून कुणीतरी 'ओन्ली फुल ग्रुप बाय' ही असल्या क्वेरी अडवणारी तपासणी काढून टाकली होती. ते कुणीतरी म्हणजे मीच. 'तात्पुरतं' ही टीपही माझीच.

सर्व्हर आता 8.0 वर होता, म्हणजे विंडो फंक्शन (गटातल्या रो एकत्र न करता प्रत्येकीसाठी हिशोब करणारं) हाताशी. ग्राहकागणिक पार्टिशन म्हणजे गट, त्यात ऑर्डर बाय म्हणजे क्रम, त्यावर रो नंबर आणि बाहेरच्या क्वेरीत फक्त 1 नंबरची रो. (तो नंबर त्याच क्वेरीच्या व्हेअरमध्ये, म्हणजे अटीत, चालत नाही, म्हणून सबक्वेरी, क्वेरीच्या आत क्वेरी.) हे लिहायला दहा मिनिटं लागली, क्रम ठरवायला अख्खी दुपार. 'शेवटचा पत्ता द्या' असं सगळेच म्हणत. पण शेवटचा पडताळलेला नसेल तर? पाठवणीवाल्यांचं म्हणणं, पडताळलेला जुना चालेल, न पडताळलेला नवा नको. तेव्हा ऑर्डर बायमध्ये आधी केस, म्हणजे अटीप्रमाणे आकडा: पडताळलेल्याला 0, बाकीच्यांना 1. मग तारीख, उतरत्या क्रमाने.

संध्याकाळी क्वेरी दोनदा चालवून याद्या ताडून पाहिल्या. 7 ग्राहकांचे पत्ते वेगळे! क्वेरी तीच, डेटा तोच. हे सातही जण जुन्या सिस्टीममधून एकगठ्ठा आणलेले, दोन्ही पत्त्यांवर सेकंदापर्यंत एकच वेळ. बरोबरी झाली की कोण पुढे, हे डेटाबेसला कुणी सांगितलेलंच नव्हतं. ऑर्डर बायच्या शेवटी आयडी, म्हणजे प्रत्येक रोचा वेगळा क्रमांक, जोडला. मग चार वेळा चालवली, फरक नाही.

जाता जाता टेस्ट सर्व्हरवर ती तपासणी परत चालू केली. 11 रिपोर्टांनी एरर दिला. त्यातले 4 माझ्या हातचे.