तुम्ही विचारलंत म्हणून: चूक क्लबची होती, मग जीव तुमचा का टांगणीला?

हा प्रश्न मला पहिल्यांदा माझ्या मावसभावाने विचारला, कोल्हापुरातून, फोनवर. मग इथल्या मराठी मंडळाच्या दिवाळीत एका काकूंनी विचारला, मग ऑफिसात, आणि अजूनही कुठे फुटबॉलचा विषय निघाला की कोणीतरी विचारतंच. 2023-24 च्या सीझनमध्ये इंग्लंडमधल्या लिव्हरपूलच्या एव्हर्टन ह्या फुटबॉल क्लबने पैशाचे नियम मोडले म्हणून दोनदा त्याचे पॉइंट कापले, मर्यादा ओलांडली हे क्लबने स्वतः कबूल केलं होतं, मग शिक्षा होणारच ना? तू खेळत नाहीस, तुझे पैसे त्यात नाहीत, तू तर तिथली पण नाहीस. मग एवढी का हललीस? दरवेळी मी अर्धंमुर्धं काहीतरी सांगते आणि विषय बदलतो, म्हणून आता एकदाच सगळं लिहिते.

आधी तिथली नाहीस ह्याबद्दल. मी शिवाजी पेठेत वाढले. शाहू स्टेडियमवर पेठेपेठेच्या फुटबॉल मॅचेस असतात तेव्हा कोल्हापुरात काय होतं ते ज्यांनी बघितलंय त्यांना मी काही समजवायची गरज नाही, कुठल्या तालमीचा कोण हे आमच्याकडे आडनावाच्या आधी कळतं. मी 2013 ला लिव्हरपूलला आले आणि घर मिळालं वॉल्टनमध्ये, कारण तिथे भाडं परवडत होतं, बाकी काही विचार नव्हता. एव्हर्टनचं ग्राउंड गुडिसन पार्क घरापासून चालत सात मिनिटं. ग्राउंडच्या चारी बाजूंनी लाल विटांच्या घरांच्या रांगा, एका कोपऱ्यात सेंट ल्यूक्स चर्च अगदी स्टँडला चिकटून, जणू ग्राउंड बांधताना चर्चला म्हटलं असावं की जरा सरकून घ्या. पहिल्या हिवाळ्यात मी टीव्हीवर मॅच लावून पोळ्या करत होते आणि खिडकीतून अचानक आरडाओरडा आला, काय झालं म्हणून टीव्हीकडे बघते तर तिथे बॉल अजून मिडफिल्डमध्येच, आणि मग काही सेकंदांनी टीव्हीवर गोल झाला. गोल आधी खिडकीतून आला आणि मग टीव्हीतून. त्या दिवसापासून मी एव्हर्टनची, आणि मला तेव्हा एकदम पेठेतलं घर आठवलं.

शेजारी एक आजोबा राहतात, आता ऐंशीच्या पुढचे, नाव लिहीत नाही. त्यांच्या मुलाचं सीझन तिकीट आहे, मुलाला शिफ्ट असली की ते मला घेऊन जायचे. क्लब 1878 चा, गुडिसनवर 1892 पासून, आणि 1954 पासून एकदाही वरच्या डिव्हिजनमधून खाली गेलेला नाही, हे आजोबा असं सांगतात जसं आपल्याकडे घराण्याची वंशावळ सांगतात.

आता पैशाचं. प्रीमियर लीगचा, म्हणजे त्या वरच्या डिव्हिजनचा, नियम असा होता की तीन वर्षांत मिळून क्लबला जास्तीत जास्त 10 कोटी 50 लाख पाउंड तोटा चालतो. स्टेडियम, मुलांची अकॅडमी, महिलांची टीम, समाजकार्य ह्यांचा खर्च त्यातून वजा करायचा. 2021-22 पर्यंतच्या हिशोबात एव्हर्टनचा तोटा निघाला 12 कोटी 45 लाख, म्हणजे 1 कोटी 95 लाख पाउंड जास्त, आपल्या पैशात साधारण 200 कोटी रुपये. क्लबचं म्हणणं होतं की आम्ही नवीन स्टेडियम बांधतोय, त्याच्या कर्जाचं व्याज स्टेडियमच्या खर्चात धरा, कोविड होता, आणि युक्रेन युद्धामुळे मार्च 2022 मध्ये रशियन स्पॉन्सरशी करार थांबवावा लागला. निकाल देणाऱ्या स्वतंत्र कमिशनने ते बहुतेक सगळं नाकारलं. आणि मला विचाराल तर नाकारण्यासारखंच बरंच होतं. 2016 मध्ये फरहाद मोशिरी क्लबचे मोठे भागीदार म्हणून आल्यापासून पैसा पाण्यासारखा गेला, मॅनेजर आले आणि गेले, महागडे खेळाडू आले आणि फुकट गेले, हे आम्ही स्टँडमध्ये बसून वर्षानुवर्षं डोळ्यांनी बघितलंय. क्लब निर्दोष होता असं मी कधीच म्हटलं नाही, आजोबांनीही नाही.

त्रास झाला तो वाट बघण्याचा.

लीगने तक्रार दाखल केली 24 मार्च 2023 ला. तेव्हा टीम आधीच तळाशी झगडत होती. 28 मे ला शेवटच्या दिवशी बोर्नमथविरुद्ध आमच्या डुकुरेने तो लांबून मारलेला गोल केला आणि आम्ही वाचलो, लोक मैदानात उतरले, मी रडले, आजोबा रडले, आणि घरी येताना त्यांनी विचारलं की हे टिकेल ना? म्हणजे इतक्या आनंदाच्या दिवशीसुद्धा माणसाला खात्री नाही की जे मिळवलं ते आपलंच राहणार आहे का. उन्हाळा गेला, नवीन सीझन सुरू झाला, हिअरिंग ऑक्टोबरमध्ये झालं, त्याच महिन्यात क्लबचे चेअरमन बिल केनराइट वारले, आणि निकालाचा पत्ता नाही. किती पॉइंट जाणार? कोणालाच माहीत नाही, कारण नियमांच्या पुस्तकात लिहिलेलंच नव्हतं की एवढा तोटा झाला तर एवढे पॉइंट. लीगने कमिशनपुढे एक सूत्र मांडलं, सहापासून सुरुवात आणि वर दर 50 लाख पाउंडांना एक, कमिशनने ते सूत्र मान्य केलं नाही, पण आकडा आला तो दहाच.

शुक्रवार होता, 17 नोव्हेंबर, दुपार. माझा फोन वाजायला लागला तेव्हा मी माझ्या मुलाच्या शाळेच्या गेटपाशी उभी होते, पाऊस होता, आणि बाजूच्या बाबाने स्वतःचा फोन माझ्यापुढे धरला, बोलला काहीच नाही. दहा पॉइंट. लीगच्या इतिहासात तोपर्यंत एवढी मोठी कपात कोणाचीच झाली नव्हती. 12 मॅचमध्ये 14 पॉइंट मिळवले होते, चौदाव्या नंबरवर होतो, आता 4 पॉइंट आणि एकोणिसावा नंबर, एकही बॉल न खेळता. मी त्या बारातल्या काही मॅचेस भिजत बघितलेल्या, तो प्रत्येक पॉइंट मला कुठे बसून बघितला ते आठवतं.

संध्याकाळी आजोबांकडे भाजी द्यायला गेले. त्यांच्या फ्रिजवर एक चौकोनी रेघांचा कागद असतो, त्यावर ते दर आठवड्याला पेन्सिलीने टेबल लिहितात, सगळं टेबल नाही, फक्त खालचे सहा-सात क्लब. त्या दिवशी त्यांनी एव्हर्टनच्या ओळीत 14 खोडून 4 लिहिलेलं आणि बाजूला नवीन रेघ मारून पुन्हा 14 लिहिलेलं. दोन रकाने. एक लीगचा, एक खेळाडूंचा. म्हणाले, पोरांनी कमावलेलं कुठेतरी लिहिलेलं पाहिजे.

नंतरच्या रविवारी, 26 नोव्हेंबरला, मॅन्चेस्टर युनायटेडविरुद्ध घरची मॅच होती. प्रत्येकाच्या हातात गुलाबी कार्ड, त्यावर लीगचं चिन्ह आणि खाली करप्ट असा शब्द. मॅचच्या आधी वाजते ती लीगची ट्यून लागली तेव्हा एवढा आवाज झाला की ट्यून ऐकूच आली नाही. माझ्या हातातही कार्ड होतं. तो शब्द मला पूर्ण पटला होता का? नाही. लाच कोणी खाल्ली असं मला वाटत नव्हतं आणि वाटत नाही. पण मी कार्ड वर धरलं, कारण आठ महिने आम्हाला कोणी काही सांगितलं नव्हतं आणि त्या ग्राउंडमध्ये ओरडून बोलायची ती पहिली संधी होती. तिसऱ्याच मिनिटाला त्यांच्या गारनाचोने ओव्हरहेड किक मारली, असा गोल मी प्रत्यक्ष पुन्हा बघेन असं वाटत नाही, आणि आम्ही 3-0 हरलो.

पुढे डिसेंबरमध्ये टीमने कमाल केली. फॉरेस्ट, न्यूकॅसल, चेल्सी, बर्नली, ओळीने चार मॅच जिंकल्या आणि चारही मॅचमध्ये एकही गोल खाल्ला नाही. मॅनेजर शॉन डायशची टीम, दिसायला देखणी नाही पण घट्ट. फ्रिजवरचे दोन्ही रकाने वर चढत होते आणि आम्हाला वाटलं, झालं, निघालो ह्यातून. मग 15 जानेवारीला दुसरी तक्रार आली, ह्यावेळी 2022-23 पर्यंतच्या हिशोबासाठी, सोबत नॉटिंगहॅम फॉरेस्टही. तीन वर्षांचा हिशोब असतो ना, त्यातल्या दोन वर्षांची शिक्षा तर आधीच झालेली, मग तीच वर्षं परत मोजायची? म्हणजे आता पहिल्याचं अपील चालू आणि दुसऱ्याचा निकाल बाकी, दोन निकाल डोक्यावर, आणि दर शनिवारी मॅच. टीम जिंकायचीच बंद झाली. डिसेंबरातल्या बर्नलीनंतर लीगमधला पुढचा विजय थेट 6 एप्रिलला, तोही बर्नलीविरुद्धच. निकालाच्या टेन्शनमुळे असं झालं हे मी सिद्ध करू शकत नाही, पण स्टँडमध्ये बसणाऱ्या माणसाला विचारा, लोक मॅच बघता बघता फोन बघायचे, वकिलांच्या बातम्या वाचायचे. खेळ बघायला आलेली माणसं अपील बोर्डाची प्रक्रिया एकमेकांना समजावून सांगत होती.

अपीलाचा निकाल 26 फेब्रुवारीला आला. दहाचे सहा झाले. बोर्डाने म्हटलं की क्लब प्रामाणिकपणे वागला नाही असं जे कमिशनने धरलं ते चुकीचं होतं, आणि खालच्या लीगमध्ये अशा गुन्ह्याला किती पॉइंट कापतात ते कमिशनने बघायला हवं होतं. आमचे पॉइंट 21 वरून 25 झाले. सोमवार होता, मी कामावर, बाथरूममध्ये जाऊन मी रडले, चार पॉइंट परत आले म्हणून, आणि मग लक्षात आलं की तीन महिने आणि नऊ दिवस आम्ही जे टेबल बघून झोपत होतो ते टेबल खरं नव्हतं. ते तीन महिने कोण परत देणार? त्या तीन महिन्यांत खाली असल्यामुळे जे घाबरून खेळले त्यांना कोण विचारणार?

इथे मला दुसरी बाजू पण लिहायची आहे, कारण ती मला आमच्याच ऑफिसातल्या एका बर्नलीवाल्याने शांतपणे सांगितली आणि तेव्हापासून ती डोक्यातून जात नाही. 2021-22 मध्ये बर्नली खाली गेली, 35 पॉइंटवर. एव्हर्टन वाचली, 39 वर. आणि जो हिशोब चुकला तो त्याच सीझनपर्यंतचा. तो म्हणाला, तुमचे पॉइंट तेव्हाच कापले असते तर? तुम्ही आठ महिने थांबलात, आम्ही एक अख्खं वर्ष खालच्या डिव्हिजनमध्ये काढलं. माझ्याकडे उत्तर नव्हतं. त्याला मी फक्त चहा दिला. पण त्याचंही दुखणं तेच आहे जे माझं आहे, की हिशोब त्या वर्षीचा त्या वर्षी झाला नाही. वेळेत झाला असता तर कदाचित आम्ही खाली गेलो असतो, 1954 पासूनचं सगळं संपलं असतं, आणि तरीही मी म्हणते तसंच व्हायला हवं होतं. उशिरा आलेला निकाल चुकीच्या माणसांवर पडतो. ज्यांनी पैसे उडवले ते मॅनेजर, ते अधिकारी, ते खेळाडू त्यातले किती नोव्हेंबर 2023 मध्ये क्लबमध्ये होते? पॉइंट गेले ते ब्रॅन्थवेटसारख्या एकवीस वर्षांच्या मुलाचे, ज्याचा त्या खर्चाशी काही संबंध नाही.

दुसरा निकाल 8 एप्रिलला आला, अजून 2 गेले. बर्नलीला हरवून दोन दिवसही झाले नव्हते. 27 पॉइंट, खाली जाणाऱ्या तळाच्या तिघांपेक्षा फक्त दोन जास्त. फॉरेस्टचे चार आधीच मार्चमध्ये गेलेले. मग चेल्सीकडे 6-0 हरलो आणि त्या रात्री मी आईला फोन करून सांगितलं की बहुतेक जातोय. आई म्हणाली, जेवलीस का?

आणि मग तो एप्रिलचा एक आठवडा. 21 तारखेला फॉरेस्टला 2-0, 24 ला लिव्हरपूलला 2-0. गुडिसनवर डर्बी, म्हणजे एकाच शहरातल्या ह्या दोन क्लबांची मॅच, आम्ही 2010 नंतर जिंकलीच नव्हती, ब्रॅन्थवेटचा पहिला, कॅल्व्हर्ट-लेविनचा दुसरा हेडर, त्या रात्री आमच्या गल्लीत कोणी झोपलं नाही, आजोबा रात्री बारा वाजता चपला घालून दारात उभे होते आणि येणाऱ्याजाणाऱ्याशी हात मिळवत होते. 27 ला ब्रेंटफर्ड. त्या दिवशी आजोबांच्या मुलाला शिफ्ट होती म्हणून मी आजोबांबरोबर स्टँडमध्ये होते, आमच्यासमोर तो जुना खांब, अर्धा गोलपोस्ट दिसत नाही, आमच्या गेयने बॉक्सच्या बाहेरून मारला तो मला खांबाच्या एका बाजूने पायातून सुटताना दिसला आणि दुसऱ्या बाजूने जाळीत. 1-0. वाचलो. आठ पॉइंट कापून वाचलो.

सीझन संपला तेव्हा आम्ही पंधरावे, 40 पॉइंट. दुसऱ्या रकान्यात 48. गुडिसनवरची पुरुषांची शेवटची मॅच मे 2025 मध्ये झाली, टीम आता डॉकवरच्या नवीन स्टेडियममध्ये खेळते, माझ्या खिडकीतून पुरुषांच्या मॅचचा आवाज येत नाही, फक्त महिलांची टीम गुडिसनवर असते तेव्हा येतो आणि मी गॅस बारीक करून ऐकते. आजोबांचा तो कागद अजून आहे, फ्रिजवरून काढून त्यांनी ड्रॉवरमध्ये पासपोर्टबरोबर ठेवलाय. खोडून खोडून एव्हर्टनच्या ओळीत तो इतका पातळ झालाय की उजेडात धरला तर आरपार दिसतं.