सबवूफर चालू केला की सूर गायब

"सबवूफर बंद केला की बेस भरून येतो आणि चालू केला की पोकळ होतो," गाडीच्या मालकांची तक्रार एवढीच होती. सबवूफर म्हणजे फक्त खालचे सूर वाजवणारा मोठा स्पीकर. पण तक्रारीसोबत त्यांनी जे आणलं होतं, ते माझ्याकडे आजवर कुठल्याच गिऱ्हाइकाने आणलं नव्हतं. ते स्वतः बेस गिटार वाजवतात. आपल्याच गिटारवर सगळ्यात खालच्या सुरापासून एकेक सूर चढत, प्रत्येक सूर सारख्या जोराने वाजवून त्यांनी रेकॉर्डिंग केलं होतं. गाडीत कुठले सूर नीट येत नाहीत, ते कागदावर टिपून आणलं होतं. डीपासून एफपर्यंत, सलग.

हा कागद माझ्यासाठी फार मोलाचा होता. बेस गिटारची खालची ई तार 41 हर्ट्झला वाजते, डीची मोकळी तार 73 ला, तिच्यावरचा एफ 87 ला. म्हणजे नेमका 80 च्या आजूबाजूचा पट्टा. आणि 80 हा आकडा कार ऑडिओमध्ये कुठे येतो, हे या धंद्यातल्या माणसाला विचारावं लागत नाही. सबवूफर आणि दारातले स्पीकर एकमेकांकडे काम सोपवतात, ती जागा बहुतेक गाड्यांत तिथेच असते.

ते आले होते मोठा सबवूफर घ्यायच्या तयारीने. आधीच्या ठिकाणी त्यांना तसंच सांगितलं गेलं होतं. मी म्हटलं, आधी आहे तोच ऐकू या.

रेकॉर्डिंग लावलं. सबवूफर बंद असताना डी, ई, एफ ठणठणीत, पण अगदी खालचे सूर नुसते तारेच्या आवाजासारखे, अंग नसलेले. सबवूफर चालू केल्यावर खालचे सूर सीट हलवू लागले आणि डी आला तसा आवाज एकदम बसला. सूर पूर्ण नाहीसा होत नव्हता. प्रत्येक सुरासोबत त्याच्या दुप्पट, तिप्पट कंपनांचे वरचे स्वर असतात, ते दारातून येतच होते. फक्त पाया गेला होता. जी सुरू झाला की आवाज परत भरायचा. चालकाच्या कानापाशी माइक लावून पिंक नॉइज, म्हणजे सगळे हर्ट्झ एकत्र असलेला खरखराट, वाजवला, तर ग्राफवर 70 ते 90 च्या दरम्यान खोल खड्डा दिसला.

मग वायरी तपासल्या. दीड व्होल्टचा सेल स्पीकरच्या तारांना क्षणभर टेकवायचा. प्लसला प्लस लागला असेल तर कोन बाहेर येतो. दारातले दोन्ही स्पीकर बाहेर आले, सबवूफरही बाहेर आला. सबच्या डिकीतल्या मोनो ॲम्पवर लो-पास 80, म्हणजे 80 च्या खालचंच सोडणारा फिल्टर. दारांच्या चार चॅनलच्या ॲम्पवर हाय-पास 80, म्हणजे वरचंच सोडणारा. दोन्ही फिल्टर 12 डेसिबलचे, म्हणजे दर सप्तकाला आवाज 12 डेसिबलने उतरवणारे. एकही वायर उलटी नाही, एकही नॉब चुकीच्या जागी नाही. तरी बेस गायब.

मला या प्रकरणात सगळ्यात महत्त्वाची वाटते ती हीच गोष्ट. क्रॉसओव्हर, म्हणजे स्पीकरांत सूर वाटून देणारे हे फिल्टर, म्हटलं की लोक फक्त कुठल्या हर्ट्झला कापायचं एवढं पाहतात. पण फिल्टर आवाज कापतो तसा त्याला मागेपुढेही सरकवतो. 12 डेसिबलचा लो-पास कटऑफच्या जागी आवाज 90 अंशांनी मागे टाकतो, हाय-पास तेवढाच पुढे नेतो. दोघांत 180 अंशांचं अंतर पडतं. एक कोन हवा ढकलत असतो त्याच क्षणी दुसरा ती ओढत असतो. दोन्ही स्पीकर ठणठणीत, दोन्ही जोरात, आणि कानाशी पोचेपर्यंत बेरीज जवळपास शून्य. अशा वेळी मोठा सबवूफर घातला असता तर खालचे सूर आणखी माजले असते आणि खड्डा तसाच राहिला असता.

अर्थात कागदावरचे 180 अंश गाडीत तसेच मिळतात असं नाही. 80 हर्ट्झची एक लाट साधारण 4.3 मीटर लांब असते. डिकीतला सबवूफर कानापासून दारापेक्षा एक मीटर दूर असेल तर तेवढ्यानेच आणखी पाव लाटेचा फरक पडतो. त्यात प्रत्येक स्पीकरचा, त्याच्या पेटीचा आणि दाराच्या पोकळीचा स्वतःचा फेज, म्हणजे आवाज मागेपुढे सरकणं, असतो. म्हणून "12 डेसिबल असेल तर सब उलटा लावा" हा नियम डोळे झाकून पाळू नये. उलटा लावून ऐकावं. मी सबच्या दोन वायरींची अदलाबदल केली, तेच रेकॉर्डिंग लावलं. डी आला आणि मालक पुढे झुकून बसले.

"झालं?" त्यांनी विचारलं.

झालं नव्हतं. खड्डा भरला होता, पण त्याच जागी आता उंचवटा आला होता. ई बाकीच्या सुरांपेक्षा जाडा वाजत होता. तेही अपेक्षितच होतं. साधे 12 डेसिबलचे दोन फिल्टर कटऑफला प्रत्येकी 3 डेसिबल खाली असतात आणि फेज जुळला की त्यांची बेरीज 3 डेसिबल वर जाते. शिवाय 12 डेसिबलच्या उतारावर सबवूफर 160 हर्ट्झलाही बऱ्यापैकी बोलत राहतो. तिथून वरचा आवाज कुठून येतो ते कानाला कळायला लागतं आणि बेस मागच्या सीटमागे जाऊन बसतो.

इथे त्यांनी फार चांगला प्रश्न विचारला. सब बंद असताना हे सूर दारातून छान येत होते, तर दारांचा हाय-पासच काढून टाकला तर?

मी काढून दाखवला. आवाज वाढवून त्यांना दाराच्या पॅनलवर तळवा ठेवायला सांगितला. खालचा ई आला की पॅनल थरथरत होतं, आतली कुठलीशी क्लिप वाजत होती आणि त्याच वेळी गाणाऱ्याचा आवाज पाण्यातून आल्यासारखा हलत होता. तेवढाच आवाज एक सप्तक खाली काढायचा तर कोनला चौपट हलावं लागतं. 80 ला जो कोन 1 मिलिमीटर हलतो त्याला 40 ला 4 मिलिमीटर हलायचंय. त्याच कोनवर गाण्याचे शब्दही स्वार असतात. साडेसहा इंची स्पीकरवर हे ओझं टाकू नये, असं माझं ठाम मत आहे. दारातून साफ आवाज हवा असेल तर खालचं काम त्याच्याकडून काढून घ्यायलाच हवं.

त्यांच्या म्युझिक सिस्टीममध्ये स्वतःचा क्रॉसओव्हर होता, 24 डेसिबलपर्यंतचा, आणि टाइम अलाइनमेंटही होतं, म्हणजे एखाद्या स्पीकरचा आवाज थोडा उशिरा सोडायची सोय. ते कुणी उघडूनच पाहिलं नव्हतं. दोन्ही ॲम्पवरचे फिल्टर बंद केले. फिल्टर एकाच ठिकाणी ठेवावेत. सिस्टीमवर 12 आणि ॲम्पवर आणखी 12 असे एकावर एक चढले की 80 वर प्रत्यक्षात किती उतार पडतोय ते कुणालाच सांगता येत नाही. ॲम्पच्या नॉबवरचे आकडेही ढोबळ असतात. टोन वाजवून मल्टिमीटर लावला की नॉबवरचे 80 आणि खरे 80 यांची गाठ क्वचितच पडते.

24 डेसिबलच्या फिल्टरमध्ये दोन बाजूंचा फरक 360 अंश होतो, म्हणजे पुन्हा एकाच ठेक्यात. लिंकविट्झ आणि रायली या ह्यूलेट-पॅकार्डमधल्या दोन इंजिनिअरांनी 1976 मध्ये ज्या फिल्टरबद्दल लिहिलं, त्यात कटऑफला दोन्ही बाजू 6 डेसिबल खाली असतात आणि बेरीज बरोबर सपाट येते. उंचवटा नाही, खड्डा नाही. 63 वर कापून पाहिलं तर दारं पुन्हा कुरकुरायला लागली. 100 वर सब मागून ऐकू यायला लागला. 80 च ठेवले.

मग अंतराचा हिशेब. यासाठी मी जी पद्धत वापरतो ती बघणाऱ्याला उलटी वाटते. सब मुद्दाम उलटा ठेवायचा, 80 चा टोन लावायचा आणि दारांना थोडा थोडा उशीर देत जायचं. एका मिलिसेकंदात आवाज सुमारे 34 सेंटिमीटर जातो. जवळचा स्पीकर तेवढा थांबवला की दोघं बरोबर पोचतात. आवाज सर्वांत बारीक होतो ती जागा शोधायची, कारण आवाज कुठे सर्वांत मोठा आहे हे कानाला नेमकं ठरवता येत नाही, पण तो कुठे नाहीसा होतो हे लगेच कळतं. ज्या खड्ड्यापायी ते आले होते तोच मी हाताने खोल करत होतो, आणि ते अस्वस्थ होऊन बघत होते. तो सापडल्यावर सबची पोलॅरिटी, म्हणजे प्लस-मायनस, सरळ केली.

रेकॉर्डिंग पहिल्या सुरापासून लावलं. ई, एफ, जी, ए, बी, सी, डी, ई, एफ, जी. एकही पायरी तुटलेली नाही. आणि बेस डॅशबोर्डवरून येत होता. डिकीत सबवूफर आहे हे माहीत असूनही मान मागे वळावीशी वाटत नव्हती.

बेस जागेवर बसल्यावर दुसरी एक गोष्ट उघडी पडली. उजवा ट्विटर, म्हणजे वरचे बारीक स्वर वाजवणारा छोटा स्पीकर, डाव्यापेक्षा दबका होता, आणि आवाज वाढवला की चिरकायचा. मालक म्हणाले, मागे एक जळला होता, बदलून घेतला. मल्टिमीटर लावला. डावा 3.3 ओहम, उजवा 6.6. म्हणजे 4 ओहमच्या जोडीत 8 ओहमचा ट्विटर बसवला होता. दोन्हींच्या तारेत कॅपॅसिटर तोच, 10 मायक्रोफॅरडचा. हा कॅपॅसिटर 4 ओहमवर साधारण 4000 हर्ट्झच्या खालचं कमी करत जातो. 8 ओहमवर तोच आकडा 2000 वर येतो. ट्विटरच्या एवढ्याशा घुमटाला आख्खं एक सप्तक जास्त झेलावं लागत होतं, आणि तेही नुसत्या 6 डेसिबलच्या उतारावर. 4.7 चा कॅपॅसिटर घालून आकडा वर नेता आला असता, पण दुप्पट ओहमला ॲम्पची ताकद निम्मी मिळते, त्यामुळे एक बाजू दबकीच राहिली असती. ट्विटर नेहमी जोडीने बदलावेत. आम्ही तेच केलं.

सबवूफर जुनाच राहिला. मालकांचा उत्साह मात्र वाढला. आता ट्विटरसाठी वेगळे चॅनल, मधला तीन इंची स्पीकर, सगळं ॲक्टिव्ह करू, म्हणजे प्रत्येक स्पीकरला ॲम्पचा स्वतःचा चॅनल देऊ, म्हणाले. मी त्यांच्याच कागदाची मागची बाजू त्यांच्यापुढे ठेवली. आधी प्रत्येक स्पीकरचं नाव लिहा, म्हटलं, आणि त्यापुढे तो कुठे सुरू होणार आणि कुठे थांबणार ते लिहा. ट्विटरचा रेझोनन्स, म्हणजे तो आपोआप सगळ्यात जास्त थरथरतो तो हर्ट्झ, किती आहे ते बघा. निदान त्याच्या दुप्पट हर्ट्झच्या वर त्याला सुरुवात द्या. दारातल्या स्पीकरचा कोन साधारण 13 सेंटिमीटरचा. 2600 हर्ट्झच्या आसपास लाटच तेवढी होते, त्यामुळे तो गुडघ्यांकडे तोंड करून बसलेला असताना त्याला त्याच्या बऱ्याच आधी थांबवायला हवं. आणि ॲक्टिव्ह केलं तरी ट्विटरच्या तारेत एक मोठा कॅपॅसिटर राहू द्या. सिस्टीम चालू होतानाच्या एका धक्क्यात किंवा सेटिंग पुसलं गेल्यावर तोच वाचवतो. शेवटी चॅनल मोजा, आणि मग खरेदीचं बोला.

त्यांनी लिहायला घेतलं. मधल्या स्पीकरपाशी त्यांची पेन्सिल अडली. 300 पासून की 400 पासून, यावर आम्ही बराच वेळ बोललो, आणि ते डॅशबोर्डमध्ये त्याच्यामागे किती पोकळी मिळते हे मोजल्याशिवाय ठरणार नाही, म्हणून आम्ही टेप घेऊन पुन्हा गाडीकडे गेलो.