घर असून भाड्यानं का राहता?

तुम्ही विचारलंत म्हणून एकदाच सविस्तर लिहिते. हा प्रश्न मला दोन तऱ्हांनी विचारला जातो. पहिली तऱ्हा अशी: "पुण्यात पेठेत स्वतःचं घर आहे ना तुमचं? मग इथे भाडं कशाला भरता? काढा की त्या भाडेकरूंना." दुसऱ्या तऱ्हेत आवाज खाली येतो: "त्या म्हाताऱ्या बाईंवर केस घातलीय म्हणे तुम्ही?" एकदा एकाच लग्नात एकाच माणसाने जेवणाआधी पहिला आणि जेवणानंतर दुसरा प्रश्न विचारला. दोन्हीत मीच चूक.

भाडेनियंत्रण म्हणजे जुन्या भाडेकरूचं भाडं मनासारखं वाढवता येत नाही आणि त्याला सहज काढताही येत नाही; बाकी सांगत बसत नाही. आमचं घर म्हणजे खाली दोन खोल्या, वर दोन खोल्या आणि मधे एक लाकडी जिना, जो चढताना पुढच्या पायरीला हात लावावा लागतो. खालच्या खोल्या आजोबांनी १९६२ मध्ये काकूंच्या, म्हणजे त्या म्हाताऱ्या बाईंच्या, सासऱ्यांना भाड्याने दिल्या. सासरे गेले, मग काका गेले, आता काकू आहेत. कुटुंबातलं सोबत राहणारं माणूस भाडेकरू म्हणून पुढे चालू राहतं, कायदाच तसा आहे. भाडं, दरवर्षीची ४ टक्के वाढ धरून, महिना सव्वाशे रुपयांच्या आत. बाबांच्या खुब्याचं ऑपरेशन झाल्यावर जिना बंद झाला, म्हणून मी त्यांना घेऊन तळमजल्यावरच्या फ्लॅटमध्ये आले. लिव्ह अँड लायसन्स, म्हणजे ठरावीक मुदतीचा करार, महिना २२,०००.

'काढा' म्हणणाऱ्यांना आधी उत्तर देते, कारण त्यांचा आत्मविश्वास जास्त असतो. भाडं थकलंय म्हणून काढा? काकूंनी कधी थकवलं नाही. पूर्वी मनीऑर्डर यायची, आता मुलगा वर्षाचं एकदम फोनवरून पाठवतो. आणि थकवलं असतं तरी आधी ९० दिवसांची नोटीस, मग दावा, मग समन्स मिळाल्यापासून आणखी ९० दिवसांत त्यांनी थकबाकी १५ टक्के व्याजासह कोर्टात भरली की दावा संपला. सव्वाशे रुपयांवर १५ टक्के. पाणी तोडा, असं माझ्या एका चुलतभावाने सुचवलं. तसं करणं गुन्हा आहे. शिवाय वरच्या आणि खालच्या नळाची लाइन एकच आहे, त्यामुळे माझ्या सज्जनपणाची परीक्षा कधी झालीच नाही.

झाली, थोडी झाली. जागा सहा महिने विनाकारण बंद राहिली तर तेवढ्यावर ताबा मागता येतो. काकू मोतीबिंदूनंतर मुलाकडे धायरीला राहायला गेल्या, तेव्हा मी दर पंधरवड्याला वाड्यात जाऊन जिन्याखालच्या मीटरचा आकडा वहीत लिहीत होते. डोळा कसा आहे, हे फोन करून विचारलं नाही. त्या पाचव्या महिन्यात परतल्या. दुसरा प्रश्न विचारणाऱ्यांनी हे माझ्याविरुद्ध वापरायला हरकत नाही.

राहिला एकच रस्ता: आम्हालाच जागा हवी आहे. वाजवी आणि प्रामाणिक गरज. घराच्या मालकाला घर हवंय यात सिद्ध काय करायचं, असं मला वाटायचं. पण गरज सिद्ध होणं हा अर्धाच भाग असतो. १९९९ च्या महाराष्ट्र भाडेनियंत्रण कायद्याच्या कलम १६ मध्ये पुढे आणखी एक पायरी आहे: ताबा दिल्याने भाडेकरूला जो त्रास होईल तो, न दिल्याने मालकाला होणाऱ्या त्रासापेक्षा जास्त असेल, तर ताबा मिळत नाही. म्हणजे न्यायाधीशांनी दोन माणसांचे त्रास शेजारी शेजारी ठेवून बघायचे. मला हे कलम आवडलं होतं. अजूनही पूर्ण नावडतं असं म्हणवत नाही. सगळ्या कायद्यात हीच एक जागा अशी आहे जिथे कोणीतरी माणसांकडे बघतं.

तर आम्ही दावा लावल्यावर ते बघणं कसं होतं ते सांगते.

बाबांची उलटतपासणी दुपारच्या सत्रात होती. खुर्ची दिली होती. काकूंचे वकील तरुण होते, नम्र होते, बाबांना 'काका' म्हणत होते. मला वाटलं होतं, ते ऑपरेशनवर शंका घेतील, जिन्यावर शंका घेतील. कोर्टाने पाहणीसाठी नेमलेला कमिशनर येऊन टेप लावून पायऱ्यांची उंची मोजून गेला होता, तो अहवाल आमच्या बाजूचा होता. वकिलांनी जिन्याला हातच लावला नाही. त्यांनी विचारलं, "काका, सध्या कुठे राहता?"

"मुलीकडे."

"तळमजला आहे?"

"हो."

"संडास-बाथरूम घरातच? कमोड आहे?"

"आहे. तिने दांडी पण बसवून घेतलीय, धरायला."

ती दांडी मी फ्लॅटच्या मालकाच्या हातापाया पडून बसवली होती. टाइल फोडायची परवानगी नव्हती, शेवटी मीच डिपॉझिटमधून कापून घ्या म्हणाले होते. बाबांना तिचं कौतुक होतं, येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवायचे. कोर्टातही त्यांनी ते सांगितलं.

"मुलगी नीट बघते तुमचं?"

आमचे वकील उठले, काहीतरी आक्षेप घेतला, बसले. बाबांनी माझ्याकडे पाहिलं. कोर्टात साक्षीदाराने असं पाहायचं नसतं, आम्हाला बजावलेलं होतं.

"फार करते हो," ते म्हणाले. "स्वतःच्या घरी सुद्धा एवढं झालं नसतं."

वकिलांनी फाइल मिटली. आणखी काही विचारायचं नाही म्हणाले. टायपिस्टने वाक्य घेतलं: साक्षीदाराची मुलगी त्यांची योग्य काळजी घेते, सध्याच्या जागेत त्यांची सोय चांगली आहे. बाबांना वाचून दाखवलं. बरोबर आहे का, विचारलं. बाबा म्हणाले, बरोबर आहे. खाली सही केली. बरोबरच होतं.

रिक्षात ते खुशीत होते, साक्ष चांगली झाली म्हणून. मी काही बोलले नाही. आता लिहिताना वाटतं, मी तेव्हा त्यांची सेवा थोडी कमी केली असती, त्यांना महिनाभर वरच्या खोलीत कोंडून ठेवलं असतं, तर आमची केस मजबूत झाली असती. आमच्या वकिलांनी पुढे एकदा हे जवळजवळ बोलूनही दाखवलं. ते वाईट गृहस्थ नाहीत. त्रास मोजायचा म्हटला की जो आपला त्रास आधीच दूर करतो, त्याचा कमी भरतो, एवढंच ते सांगत होते.

काकूंची उलटतपासणी नंतर झाली आणि तिथे आमची बाजू वर यायला हवी होती. मुलाचा फ्लॅट आहे, मग काकूंना कसला त्रास? पण फ्लॅट सुनेच्या नावावर, आणि सासू-सुनेचं पटत नाही हे सगळ्या आळीला माहीत. आमच्या वकिलांनी विचारलं, "दावा लागल्यापासून तुम्ही दुसरी जागा शोधली का?" हा प्रश्न महत्त्वाचा असतो, भाडेकरूने जागा शोधायचा प्रयत्न केला की नाही, हे कोर्ट बघतं. काकू म्हणाल्या, "शोधली. एकट्या बाईला, त्यात माझ्या वयाला, कोण देतंय? आणि दिली तर अकरा महिन्यांनी पुन्हा कुठे जाऊ?"

यात एक अक्षर खोटं नव्हतं. ते मला माहीत होतं, कारण त्याच ब्रोकरांच्या पायऱ्या मी झिजवल्या होत्या.

कायद्यात मधला रस्ताही आहे. दोघांपैकी कोणालाच त्रास होणार नसेल तर जागेच्या काही भागाचाच ताबा देता येतो. कोर्टाने विचारलं: एक खोली यांना, एक त्यांना, मोरी सामाईक? काकू नाही म्हणाल्या. मीही नाही म्हणाले. एवढ्या वर्षांत आमचं एकमत झालं ते तेवढंच.

निकाल: गरज प्रामाणिक आहे, पण त्रास भाडेकरूला जास्त. दावा फेटाळला. अपील केलं आहे.

आणि त्यानंतर, अपील दाखल झालेलं असतानाच, आमच्या फ्लॅटच्या मालकांचा फोन आला. मुलगा परदेशातून परत येतोय, करार संपला की नूतनीकरण नाही. चांगले लोक, दिवाळीला फराळ पाठवणारे. त्यांना गरज सिद्ध करावी लागली नाही. माझा त्रास कोणी त्यांच्या त्रासाशेजारी ठेवला नाही. मुदत संपल्यावर राहिले असते तर दुप्पट दराने नुकसानभरपाई लागली असती आणि सक्षम प्राधिकाऱ्याकडून, म्हणजे अशा करारांसाठी नेमलेल्या अधिकाऱ्याकडून, मला बाहेर काढणं त्यांना सोपं गेलं असतं. दांडी भिंतीतच ठेवून आम्ही निघालो. वकिलांना कळवलं तर म्हणाले, "अरे वा! हे चांगलं झालं, अपिलात मांडू."

तर माझ्या डोक्यावर एकाच राज्याच्या एकाच कायद्याची ही दोन टोकं आहेत. १९६२ च्या तोंडी व्यवहाराला दोन पिढ्यांचं संरक्षण, आणि आजच्या नोंदणीकृत कराराला अकरा महिने. समतोल, समतोल म्हणतात तो दोन माणसांमधला नाहीच. आधी आलेला आणि नंतर आलेला यांच्यातला आहे. काकूंना जे मिळालं ते माझ्यासारख्या भाडेकरूला कधीच मिळणार नाही, आणि कोणीही घरमालक ते देऊ धजणार नाही, कारण काकूंचं काय झालं ते सगळ्यांनी पाहिलंय.

मी पूर्वी हे इतकं लांबवत नसे. 'कायदा भाडेकरूंच्या बाजूचा आहे' असं म्हणून मोकळी व्हायची. १९४७ चा मुंबई भाडे कायदा टंचाईच्या काळातला, तात्पुरता म्हणून आलेला, मुदतवाढ घेत घेत अर्धशतक चाललेला. १९४० च्या पातळीवर गोठवलेलं भाडं आता वाजवी उरलेलं नाही असं सर्वोच्च न्यायालयानेच १९९७ मध्ये म्हटलं. हे सगळं मला तोंडपाठ होतं. घरं बांधायचं सरकारचं काम आजोबांच्या गळ्यात मारलं, असं मी म्हणायचे. अजूनही म्हणते. पण त्या वेळची मी हेही ठामपणे सांगायची की संरक्षण काढलं की सगळं सुरळीत होईल. आमच्या आळीतले वाडे बघा. मालक थकून भाडेकरूंसकट बिल्डरला देतो, भाडेकरूंना बिल्डर बघून घेतो, आणि मालकाच्या वाट्याला पाटीवरचं आजोबांचं नाव येतं. संरक्षण उद्या काढलं तर माझ्या बाबांना खालची खोली मिळेल आणि शेजारच्या चौकात दहा काकू बाहेर पडतील. यातलं काय मागायचं ते मला ठरवता आलेलं नाही.

२०२१ मध्ये केंद्राने आदर्श घरभाडे कायदा, म्हणजे राज्यांनी स्वीकारायचा नमुना, मंजूर केला तेव्हा घरमालक म्हणून मी उत्साहाने वाचला. भाडे न्यायालयं, भाडे न्यायाधिकरणं, मुदतीत निकाल. मुदत संपून जागा न सोडणाऱ्याला पहिले दोन महिने दुप्पट, मग चौपट भाडं. हे बरोबर आहे, म्हणाले. मग भाडेकरू म्हणून वाचला. डिपॉझिट दोन महिन्यांच्या भाड्याहून जास्त नाही, हे आवडलं. चौपट वाचून पोटात गोळा आला. आणि जुन्या भाडेकरारांना तो लागूच नाही, राज्यांनी स्वीकारला तरी.

मला एक गोष्ट मात्र खरोखर खटकते आणि ती कोणी बोलत नाही. आपल्या कायद्याला मोठा भाडेकरू ओळखता येतो. बँका, सार्वजनिक उपक्रम, एक कोटी किंवा त्याहून जास्त भरणा झालेलं भागभांडवल असलेल्या कंपन्या, यांना भाडेनियंत्रणाचं छत्र नाही, कारण त्यांना त्याची गरज नाही. ठीक. मग मोठा मालक आणि छोटा मालक का ओळखता येऊ नये? ज्याच्या नावावर पन्नास खोल्यांची चाळ आहे तो आणि चार खोल्यांपैकी दोन अडकलेले माझे बाबा, भाडं ठरवताना दोघे सारखेच 'मालक'. सैन्यातल्या लोकांसाठी ताबा मिळवायची वेगळी वाट कायद्यात आहेच, म्हणजे वेगळी वाट काढता येते. एकाच घराचा मालक, त्यालाच राहायचंय, वय अमुकच्या पुढे, तर वर्षाच्या आत निकाल. कसाही. विरुद्ध गेला तरी चालेल, पण माणसं आहेत तशी असताना. पण मग काकूंच्या बाजूलाही काहीतरी हवं: ताबा द्यायचा झाला तर त्यांना कोणीतरी, म्हाडाने, महापालिकेने, एक खोली द्यायला हवी. ती कुठून येणार, याचं उत्तर माझ्याकडे नाही आणि 'काढा' म्हणणाऱ्यांकडे तर नाहीच.

तर भाड्यानं का राहते, याचं उत्तर हे असं आहे. जेवणाआधी विचारणाऱ्यांना पुरणार नाही, नंतर विचारणाऱ्यांना पटणार नाही. अपिलाची तारीख लागायची आहे. त्याआधी या दुसऱ्या फ्लॅटचा करार संपतोय. कोणाच्या माहितीत तळमजल्यावरची किंवा लिफ्ट असलेली दोन खोल्यांची जागा असेल तर सांगा. बाथरूममध्ये एक दांडी बसवू देणारे मालक हवेत, ब्रोकर नको.