नान्नजच्या माळावरचे रविवार: जून ते नोव्हेंबर

मंडळी, उन्हाळ्यानंतर नोंद लिहायची राहूनच गेली होती. आता पावसाळा सरलाय, गवत पिवळं पडलंय आणि बी गोळा करायचे दिवस आलेत, म्हणून एकदाच सगळं लिहून काढतो.

नवीन आलेल्यांसाठी थोडं मागचं. सोलापूरहून बार्शी रस्त्याने वीसेक किलोमीटरवर नान्नज. सोलापूरचे पक्षिअभ्यासक बी. एस. कुलकर्णी यांनी इथल्या माळढोकांकडे, म्हणजे माळावर राहणाऱ्या या मोठ्या दुर्मिळ पक्ष्यांकडे, लक्ष वेधलं आणि १९७९ साली माळढोक अभयारण्य जाहीर झालं. तेव्हा कागदावरचं क्षेत्र होतं ८,४९६ चौरस किलोमीटर. त्यात शेतं, गावठाणं, रस्ते सगळं आलं. जमिनीच्या व्यवहारांवर बंधनं आली आणि माळढोकाचं नाव काढलं की शेतकऱ्याच्या कपाळाला आठी पडायला लागली. पुढे हद्द कमी होऊन १,२२२ चौरस किलोमीटरवर आली, पण ती आठी पुरती गेली नाही. गावात काम करायचं तर हे आधी समजून घ्यावं लागतं.

आम्ही वन विभागाच्या परवानगीने गावाकडच्या कडेचा एक तुकडा घेतलाय. माळढोकाच्या विणीच्या जागेपासून लांब. काम एकच: ग्लिरिसिडिया हे बाहेरून आणलेलं झाड काढणं आणि गवत परत आणणं. लोक हमखास विचारतात, यंदा किती झाडं लावली? आम्ही लावत नाही, काढतो. माळ म्हणजे ओसाड पडलेलं जंगल नव्हे. सोलापुरात वर्षाला साडेपाचशे मिलीमीटरच्या आसपास पाऊस, खाली मुरूम, त्यावर वीतभर माती. इथे गवतच खरं. एके काळी हिरवाई वाढवायची म्हणून ग्लिरिसिडिया लावला गेला. त्याच्या सावलीत गवत मरतं, पाल्याच्या थरात तण माजतं. माळढोक, धाविक यांसारख्या पक्ष्यांना लांबवर नजर पोचेल अशी मोकळी जमीन लागते. झाडांच्या दाटीत ते वावरत नाहीत.

जूनच्या पहिल्या रविवारी एक मेंढपाळ अण्णा वाटेत थांबले.

"झाडं लावायलाव व्हय?"

"नाही अण्णा, काढायलोय."

काठी टेकवून उभे राहिले, बराच वेळ बघत. मग म्हणाले, "बरं करायलाव. ह्याच्या बुडाला काय उगवत न्हाई. आमच्या बारकेपणी हितं मांडीला लागंल एवढा पवन्या असायचा." पुढच्या रविवारी ते आपण होऊन आले आणि जुना पवन्या, म्हणजे इथलं मूळचं गवत, कुठल्या बांधावर अजून टिकून आहे ते दाखवलं. यंदाच्या कामातली ही माझ्या मते सगळ्यात मोठी कमाई. त्या बांधावरूनच आता बी घेणार आहोत.

त्याच दिवशी कोपऱ्यात माळटिटवी ओरडत डोक्यावर घिरट्या घालायला लागली. पाय जागीच थांबवले. दोन हातांवर उघड्या मुरुमात चार अंडी होती, खड्यांसारखीच ठिपकेदार. नजर हलवली की पुन्हा सापडत नव्हती. तो कोपरा पिल्लं बाहेर पडेपर्यंत सोडून दिला.

ग्लिरिसिडियाबद्दल शिकलो ते असं. गेल्या वर्षी आम्ही जमिनीलगत करवतीने कापला होता. चार महिन्यांत एकेका बुंध्याला झाडूसारखे फुटवे आले, पहिल्यापेक्षा दाट. यंदा दोन चांगले पाऊस होऊ दिले, मुरूम नरम पडला, मग टिकाव आणि पहार घेऊन मुळासकट उपटला. वेळ तिप्पट लागतो. सहा जणांच्या हातून एका सकाळी जेमतेम वीस बुंधे निघतात. पण जुलैत काढलेल्या जागी अजून एकही फुटवा नाही.

बियांचंही तसंच. पहिल्या वर्षी गोळा केलेलं कुसळी गवताचं बी लगेच फेकलं आणि काहीच उगवलं नाही. ताजं बी सुप्त असतं, त्याला काही महिने कोरडं पडून राहावं लागतं. गेल्या नोव्हेंबरचं बी कापडी पिशवीत उन्हाळाभर ठेवलं आणि जूनमध्ये पेरलं. यंदा उगवलं. मारवेल गवताचे ठोंब लावले, त्यातले ओलाव्याच्या बाजूचे बहुतेक जगले, चढावरचे गेले.

कुसळीची एक गोष्ट सांगायलाच हवी. बियाला लांब, पीळ घातलेलं कुसळ असतं. एका रविवारी तळहातावर पाण्याचा थेंब घेतला आणि त्यात एक बी ठेवलं. थोड्या वेळात पीळ उलगडायला लागला, कुसळ घड्याळाच्या काट्यासारखं फिरलं आणि बियाचं टोक हाताला टोचलं. ओल आली की उलगडायचं, वाळलं की पुन्हा पिळायचं, असं करत ते बी स्वतःला जमिनीत रुजवतं. तेव्हापासून आम्ही कुसळं मोडून बी साफ करणं बंद केलंय.

ऑक्टोबरअखेर भोवत्ये, म्हणजे हिवाळ्यात येणारे शिकारी पक्षी, आले. गवतावरून अगदी खालून उडतात आणि रात्री जमिनीवर गवतातच मुक्काम करतात. आमच्या तुकड्यात एकही बसलेला दिसला नाही, शेजारच्या जुन्या गवतात मात्र संध्याकाळी तीन उतरले. माळढोक यंदा आम्हाला दिसला नाही. तो आता इथे क्वचितच दिसतो. दिसेल न दिसेल, त्याची जागा तयार असायला हवी, एवढ्यासाठी मी दर रविवारी जातो.

पुढचं काम: येत्या दोन रविवारी पवन्या आणि कुसळीचं बी, त्यानंतर जाळरेषेवरचं (वणवा पसरू नये म्हणून मोकळ्या ठेवलेल्या पट्ट्यावरचं) गवत कापायला वन विभागाला हात. सकाळी साडेसहाला निघू. विळा आणि कापडी पिशवी आणा, प्लॅस्टिकमध्ये बी कुबट होतं. लोकरी मोजे घालू नका, कुसळं निघता निघत नाहीत. अण्णांच्या बांधावर जायच्या आधी त्यांना विचारायचं, आणि निम्मी कणसं तिथेच ठेवायची.