आई-बाबांना घेऊन आल्सासमध्ये: स्ट्रासबर्ग आणि कोलमार

फ्रान्सला गेल्यावर पॅरिस पाहायचंच. पण सोबत सत्तरी ओलांडलेले आई-बाबा आणि शाळकरी मुलगी असेल, तर पॅरिसचे एक-दोन दिवस कमी करा आणि पूर्व फ्रान्समधल्या आल्सास प्रांतात जा, असं मी आवर्जून सांगेन. पॅरिसच्या गार द लेस्त स्टेशनवरून टीजीव्ही, म्हणजे इथली वेगवान ट्रेन, दोन तासांच्या आत आल्सासमधल्या स्ट्रासबर्गला पोचवते. तिकीट लवकर काढा, तारीख जवळ आली की दर चढतात. इथलं जुनं शहर सपाट आहे आणि पाय दुखले तर ट्राम आहेच. आईच्या गुडघ्यांना पॅरिसच्या मेट्रोच्या जिन्यांनंतर इथे खरा आराम मिळाला.

गुलाबी दगडाचं कॅथेड्रल 142 मीटर उंच आहे. 1647 ते 1874 या काळात जगात याहून उंच इमारत नव्हती. आतलं खगोलीय घड्याळ मुलांना दाखवाच. दुपारी साडेबाराला येशूसमोरून एकेक शिष्य सरकत जातो आणि वर बसलेला कोंबडा पंख फडफडवत आरवतो. मुलगी आजोबांचा हात घट्ट धरून, मान वर करून बघत होती. या कार्यक्रमाला वेगळं तिकीट लागतं. बारालाच आत जाऊन बसायची तयारी ठेवा आणि त्या दिवशी कार्यक्रम आहे ना, तेही आधी बघून घ्या.

आता जेवणाचं. बाहेर पडेपर्यंत एक वाजतो आणि बहुतेक ठिकाणी स्वयंपाकघर दोनच्या सुमाराला बंद होतं, ते थेट संध्याकाळी सातला उघडतं. म्हणून जवळच्या विन्स्टुबमध्ये, म्हणजे इथल्या पारंपरिक खाणावळीत, सव्वा वाजताचं टेबल आधीच सांगून ठेवा. आल्सासचं जेवण डुकराच्या मांसाभोवती फिरतं, त्यामुळे शाकाहारी माणसाला मेनू बघून धडकी भरते. पण उपाशी राहायची वेळ येत नाही. फ्लामकुश म्हणजे पापडासारख्या पातळ पोळीवर आंबूस साय आणि कांदा घालून भट्टीत भाजलेला पदार्थ. त्यावर मांसाचे तुकडे असतात, म्हणून ‘सां लार्दों’ असं स्पष्ट सांगायचं. मशरूम आणि चीज घातलेलाही बऱ्याच ठिकाणी मिळतो. कडा करपलेल्या, मधे मऊ. गरम असतानाच हाताने तोडून खावा. दुसरा पदार्थ बिबेलेकेस: लसूण आणि हिरवी पात घातलेलं ताजं पांढरं चीज, सोबत परतलेले बटाटे. बाबांना हाच सगळ्यांत आवडला. यातही मांस नाही ना, हे विचारून घ्या. शुक्रूत, म्हणजे आंबवलेला कोबी, मात्र सोडून द्या. वरचं मांस काढायला सांगितलं तरी तो बहुधा चरबीत शिजवलेला असतो. अंडं खात नसाल तर श्पेट्झलं नावाच्या शेवया टाळा. पाण्यासाठी ‘कराफ दो’ मागा, नळाचं स्वच्छ पाणी फुकट मिळतं. नाहीतर बाटलीचे पैसे लागतात. बिलात सेवाशुल्क धरलेलं असतं, वर टिप द्यायची सक्ती नाही.

कोलमार स्ट्रासबर्गहून ट्रेनने अर्ध्या तासावर. रंगीत लाकडी घरं आणि कालवा सगळेच बघतात, पण उंटरलिंडन संग्रहालय चुकवू नका (मंगळवारी बंद). तिथे ग्रुनेवाल्डने 1512 ते 1516 दरम्यान रंगवलेली इझेनहाइमची वेदी (चर्चच्या वेदीवर मांडायची चित्रफलकं) आहे. ती एका मठासाठी केलेली. राय धान्यावरच्या बुरशीमुळे अंगाची आग होणारे, हातपाय झडणारे रुग्ण तिथे उपचाराला येत. क्रुसावरच्या येशूच्या अंगावर काटे रुतलेत, कातडी हिरवट पडली आहे, बोटं वेदनेने ताठ झालीत. ते रुग्ण या चित्रासमोर उभे राहत असतील, या विचाराने आम्ही बराच वेळ तिथून हललो नाही. लहान मुलांना आधी थोडी कल्पना द्या.

दोन दिवस असतील तर मुक्काम स्ट्रासबर्गलाच करा, कोलमार एका दिवसात जाऊन-येऊन होतं. ख्रिसमस बाजाराच्या दिवसांत हॉटेलं फार महागतात आणि गर्दीत वयस्कर माणसांचे हाल होतात. मे किंवा सप्टेंबर बरा. रविवारी बहुतेक दुकानं बंद असतात, तेव्हा दही, फळं, ब्रेड शनिवारीच घेऊन ठेवा.